वाचकांचे प्रश्न : सोलापूरचा भोंगा पुन्हा वाजेल काय?

प्रश्न : माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साचेखात्यात (कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात) होते. मी आणि माझ्या वर्गातले बहुतेक जण नोकरीसाठी पुण्यात आलो. भोंग्यावर ज्याचा दिवस उजाडत असे, ते गिरणगाव पुन्हा उभे राहील काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गिरण्यांचे सोलापूर परत येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र गिरण्या बंद पडणे आणि विणकाम बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सोलापूरविषयीच्या हळहळीत त्यांची नेहमी गल्लत होते.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी, म्हणजे आपल्या आजोबांची जुनी मिल, सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. त्यांच्या पडझडीचा हिशेब मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपापासून मांडण्याची सवय मला पटत नाही. जुनी मिल १९४९ मध्येच बंद पडली होती, आणि केंद्र सरकारने तिचा ताबा घेतल्यावर एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात लढवलेला खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

शहराचे नाव राखले ते पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांनी, जी हातमागावरून यंत्रमागाकडे वळली. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्यावर जिथे भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो आणि त्याखालून आडवा धागा निघून जातो. चादरीवरचा मोर असा एकेका पुठ्ठ्याने उमटतो, आणि चादर उलटली की तोच मोर रंगांची अदलाबदल करून दिसतो. या चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाचे नाव तिथल्याच मालाला राखून ठेवणारी नोंदणी, मिळाले खरे. पण परगावी विणलेला स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, त्याला नुसत्या मानांकनाने आळा बसलेला नाही.

अलीकडे शालेय आणि इतर गणवेश शिवण्याच्या धंद्यात शहराने जम बसवला आहे, आणि आशेला जागा असेल तर मला ती तिथेच दिसते, कारण त्याला गिरणीएवढे भांडवल लागत नाही आणि हाताशी असलेले कसब उपयोगी पडते. अडचण आहे ती पाण्याची. उजनी धरण भरलेले असतानाही घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येत असेल, तर सूत रंगवणाऱ्याने धंदा वाढवायचा कशावर? विमानतळासाठी २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, २०२५ मध्ये गोव्याचे विमानही सुरू झाले. माझ्या मते उजनीहून येणाऱ्या जलवाहिनीचा क्रम त्याआधी लागायला हवा होता, आणि आपल्या वर्गमित्रांपैकी कोणी परतायचे ठरवले, तर पहिली चौकशी तोही पाण्याचीच करील.