होडीचं वायरिंग नव्याने करताय?

जुन्या वायरी लगेच उपटू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, मग कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढून दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा.

नवखे बहुतेक वायरीतच फसतात. घरातली साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी-हिरवी पडते, वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं दिसतं. टिनचा मुलामा दिलेली, बारीक तारांची तांब्याची वायरच घ्या. इथे काटकसर नको.

- मेन फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत.
- जोड पिळून टेप गुंडाळू नका. क्रिम्प करा (धातूच्या जोडणीत पकडीने दाबून बसवा), वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती).
- बिल्ज पंप (होडीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) वेगळ्या फ्यूजवर, थेट बॅटरीवरून. मेन स्विच बंद असतानाही तो चालायलाच हवा.

सोलर, दुसरी बॅटरी बसवायचं सध्या राहू द्या. जमेल तुम्हाला, आकृती झाली की दाखवा.