संस्थेची घटनादुरुस्ती: मसुद्याआधी सभासद यादी आणि नोटीस पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्यातल्या अभियंत्यांची नोंदणीकृत संस्था, 420 आजीव सभासद. अध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ, मतदान ऑनलाइन आणि उद्देशांत 'कौशल्य प्रशिक्षण' अशा तीन दुरुस्त्या एकाच वार्षिक सभेत करून घ्यायच्या आहेत. मसुदा जोडून तो कसा वाटतो, असं विचारलंय.

मसुदा ठीक आहे. पण घटनादुरुस्ती मसुद्यामुळे क्वचितच अडकते. सभेत हरलेला गट पुढे हरकत घेतो तेव्हा नोटीस कोणाला मिळाली नाही, सभा कोणी बोलावली, मतं कशी मोजली, एवढंच काढतो. त्यामुळे तुमचं काम तिथून सुरू होतं.

सगळ्यात आधी धर्मादाय कार्यालयातून घटनेची आणि परिशिष्ट 1 ची, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या तुमच्या संस्थेच्या उताऱ्याची, प्रमाणित नक्कल काढा. सचिवांच्या कपाटातली प्रत किंवा रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत छापलेली घटना चालत नाही. बऱ्याच संस्थांत मध्ये कधीतरी सभेत मंजूर झालेली दुरुस्ती कार्यालयात नोंदलीच गेलेली नसते आणि सगळे वर्षानुवर्षं तीच खरी मानून चालतात. नक्कल हातात आली की परिशिष्टावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. मागच्या निवडणुकांचे बदल अर्ज (झालेला बदल कार्यालयात नोंदवण्याचे अर्ज) प्रलंबित असतील तर कागदोपत्री कार्यकारिणी जुनीच असते. मग 'ज्यांनी सभा बोलावली त्यांना अधिकार काय?' ही हरकत आलीच म्हणून समजा. असे अर्ज लोंबकळत असतील तर आधी ते निकाली काढून घ्या, घटनादुरुस्ती सहा महिने थांबू शकते.

आता तुमच्या तीन दुरुस्त्या. त्या एका जातीच्या नाहीत. कार्यकाळ आणि मतदानपद्धत हा नियमावलीचा भाग, तिथे तुमच्याच घटनेतलं दुरुस्तीचं कलम लागतं: किती दिवसांची नोटीस, किती बहुमत, कोरम किती. उद्देश बदलणं मात्र संस्था नोंदणी अधिनियम 1860 च्या कलम 12 खाली येतं. त्यासाठी लेखी प्रस्ताव सभासदांकडे दहा दिवस आधी पोचला पाहिजे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं पडली पाहिजेत आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन हजर सभासदांच्या तीन पंचमांशांनी ते पुन्हा कायम केलं पाहिजे. पहिल्या सभेच्या तरतुदीत 'हजर' अशी मर्यादा नाही. कडक अर्थ लावला तर तुम्हाला 420 पैकी 252 मतं लागतात. अभियंत्यांच्या सभेला जेवण ठेवलं तरी एवढी माणसं जमत नाहीत.

म्हणून सभासद यादी. आजीव सभासदांत काही हयात नाहीत, काहींनी राजीनामे दिलेत, पण नावं यादीत तशीच आहेत आणि प्रत्येक नाव तुमचा आकडा वाढवतं. मृत्यूच्या नोंदी कार्यकारिणीच्या ठरावाने घेऊन यादी अद्ययावत करा. वार्षिक वर्गणीवाले सभासद असतील तर याच अधिनियमाचं कलम 15 बघा: तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्याला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. हे सगळं नोटीस काढायच्या आधी. सभेच्या आदल्या आठवड्यात नावं वगळायला लागलात तर विरोधकांना आयता मुद्दा मिळतो. कलम 12 प्रॉक्सीलाही, म्हणजे गैरहजर सभासदाच्या वतीने दुसऱ्याने मत देण्यालाही, जागा देतं, पण तुमच्या घटनेत प्रॉक्सीला मनाई असेल तर दोन्हींचा मेळ वकिलाकडून लेखी घालून घ्या.

नोटीस कशी पाठवायची हेही घटनेतच असतं आणि इथे जुन्या घटना गंमत करतात. कित्येकांत अजून 'यूपीसीने' (पत्र टपालात टाकल्याचा दाखला घेऊन) लिहिलेलं आहे, जे टपाल खात्याने 2011 मध्ये बंद केलं. रजिस्टर्ड पोस्टही 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा स्पीड पोस्ट करा, पावत्या यादीच्या क्रमाने चिकटवून ठेवा, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यावर जादा. नुसत्या ग्रुपवर टाकलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

नोटिशीत जुना मजकूर, नवा मजकूर आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता हवा. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' यात घटनादुरुस्ती कधीही घेऊ नका. सभेत कोणी नवीन उपसूचना मांडली तर ती नोटिशीतल्या विषयाच्या आतच राहील हे अध्यक्षांनी बघायचं. तीनही दुरुस्त्यांवर वेगवेगळं मतदान घ्या, म्हणजे ऑनलाइन मतदानाला विरोध असणारा माणूस कार्यकाळाची दुरुस्ती सोबत पाडणार नाही. बहुतेक घटनांत कोरमअभावी सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. ती सोय घटनादुरुस्तीच्या सभेलाही लागू आहे का, हे आधी वाचा. काही घटनांत ती स्पष्टपणे वगळलेली असते.

मसुद्यातली एकच त्रुटी सांगतो, पण ती मोठी आहे. 'सलग दोन कार्यकाळ' कधीपासून मोजायचे? सध्याच्या अध्यक्षांचा दुसरा कार्यकाळ चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय. आधीचे धरले तर त्यांना दार बंद, नाही धरले तर आणखी दोन मिळतात. पोटनिवडणुकीने आलेल्याचा अर्धा कार्यकाळ पूर्ण धरायचा का? अंतरिम तरतूद म्हणून दोन वाक्यं घाला. नाही घातलीत तर पुढच्या निवडणुकीत अर्ज छाननीच्या दिवशी भांडण ठरलेलं.

मंजुरीनंतर तीन सदस्यांच्या सहीने दुरुस्त नियमावली सहायक संस्था निबंधकांकडे द्या. विश्वस्त निवडीची पद्धत परिशिष्ट 1 वर नोंदलेली असते, म्हणून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अर्जही लागतो. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि कारण पटवावं लागतं. अर्जासोबत नोटीस, पावत्या, सहीचा हजेरीपट आणि इतिवृत्त जोडा. तुमची संस्था अखिल भारतीय संघटनेची शाखा असेल तर मूळ संघटनेची लेखी संमतीही आधीच घ्या. उद्देश बदलणार असाल तर आयकराच्या नोंदणीचं काय होईल ते सीएंना सभेआधी विचारा.

माझा सल्ला विचारलात तर यंदा कार्यकाळाची आणि मतदानाची दुरुस्ती घ्या. 'कौशल्य प्रशिक्षण' तुमच्या आताच्या उद्देशांतल्या 'सभासदांच्या व्यावसायिक ज्ञानात भर घालणे' यात आरामात बसतं, त्यासाठी 252 मतांच्या मागे लागू नका.