घरच्या बायोगॅस टाकीत इलेक्ट्रोड बसवल्यास मिथेन वाढतो का?

खरकट्यावर चालणाऱ्या टाकीत इलेक्ट्रोड सोडून थोडी वीज दिली तर मिथेन किती वाढेल आणि खर्च भरून निघेल का, असे आपण विचारले आहे. इंदूरला लोकमान्य नगरातील आमच्या गच्चीवर मी हे करून पाहिले असल्याने लिहितो.

वीस लिटरचे दोन कॅन एकाच शेणकाल्याने सुरू केले होते. एकात कार्बन फेल्टचे (कार्बन तंतूंच्या जाड कापडाचे) धनाग्र, स्टीलच्या जाळीचे ऋणाग्र आणि ०.८ व्होल्ट, दुसरा साधा. पितृपक्षात घरात खीर, वडे, वरणभात इतका उरला की मी दोन्हींत नेहमीच्या दुप्पट घातला. चौथ्या दिवशी साधा कॅन आंबला, त्याचा सामू (pH) सहाच्या खाली गेला आणि गॅस थांबला. विजेचा कॅन मात्र चालत राहिला. साचणारे ॲसेटिक आम्ल धनाग्रावरील जिओबॅक्टरसारखे जिवाणू खातात, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेने ऋणाग्राकडे जातात आणि तेथे मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांच्या बळावर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करतात.

माझे थोरले बंधू वीज अभियंता होते. श्राद्धाच्या पंगतीत, सर्वांसमोर, ते म्हणाले की मी केवळ पाणी फोडून हायड्रोजन गोळा करतो आहे. हे चूक आहे. पाण्याच्या विघटनाला किमान १.२३ व्होल्ट लागतात. ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, पण त्याचे इलेक्ट्रॉन कचऱ्यातून आलेले असतात आणि मिथेनजनक तोही वापरतात. दिलेल्या विजेपेक्षा गॅसची ऊर्जा कमी, हा त्यांचा दुसरा आक्षेपही टिकत नाही: एक मोल मिथेनला आठ मोल इलेक्ट्रॉन लागतात, गळती न धरता ०.८ व्होल्टला ती वीज सुमारे ६१७ किलोज्यूल होते, आणि तो मिथेन जाळल्यावर सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता मिळते. वरची ऊर्जा खरकट्याची.

तरीही घरच्या टाकीसाठी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या इंदूरच्या देवगुराडियाचा रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा बायोगॅस प्रकल्पही इलेक्ट्रोडविनाच चालतो. आपण खाद्य बारीक करून, रोज ठरलेल्या मापाने घाला. बहुतेक टाक्या अतिखाद्याने आंबतात.

एक गोष्ट बंधूंची खरी होती, आणि ती मी त्या दिवशी मान्य केली नाही. फेल्टच्या तंतूंवर जिवाणूंना घट्ट बसायला जागा मिळते, त्यामुळे तो कॅन कदाचित विजेविनाही तगला असता. आपण प्रयोग केलाच, तर तिसरा कॅन ठेवा: फेल्ट आणि जाळी आत, तार मात्र न जोडलेली.