रोज रडवून पट्टा लावायचा का?

“मॅडम, रोज असं रडवून, हातपाय धरून त्याला गाडीत मुलांच्या सीटमध्ये बांधलं, तर त्याच्या मनावर कायमचा परिणाम होईल का हो?”

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या आया तो विचारतात आणि विचारताना बऱ्याच जणींचा आवाज कापरा झालेला असतो. इथे सांगते ते पुण्यातल्या एका घराचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात नवरा-बायको, अडीच वर्षांचा मुलगा आणि आजी. गाव साताऱ्याकडे, त्यामुळे खंबाटकी ओलांडून सारखं जाणं-येणं. मुलासाठी चांगल्यापैकी कार सीट घेतलेली. पण त्यात ठेवलं रे ठेवलं की पोरगं पाठीची कमान करून ताठ व्हायचं आणि टाहो फोडायचं. शेजारी बसलेल्या आजींना ते बघवायचं नाही. “एवढ्याशा जिवाला काय बांधून घालताय!” कात्रजपर्यंत आई कसाबसा तग धरायची. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर बाबा वैतागायचे, “जाऊ दे, घे त्याला मांडीवर. असल्या आवाजात गाडी चालवता येत नाही.” पट्टा निघायचा, पोरगं आजीच्या मांडीवर गाढ झोपायचं आणि आई साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. घरी पोचल्यावर नवरा-बायकोत जे काही व्हायचं ते वेगळंच.

तिला मी आधी उत्तर देऊन टाकलं: नाही, परिणाम होणार नाही. मुलाचं मन दुखावतं ते घाबरलेलं असताना कुणी जवळ नसलं की, किंवा रडण्याबद्दल त्याला हिणवलं, मारलं की. इथे आई शेजारी आहे, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर आहे, ती त्याच्याशी बोलतेय. हे रडणं रागाचं आहे. अडीच वर्षांच्या मुलाला कुणी अडवलं तर राग येणारच, आणि तो यावाच. लस टोचतानाही ते असंच रडतं, तेव्हा आपण सुई परत ठेवून देतो का?

त्याला खरा गोंधळात टाकतो तो टोलनाका. अर्धा तास नेटाने रडलं की पट्टा निघतो, हे त्याने अनुभवाने शिकून घेतलंय. लोक अशा मुलाला हट्टी म्हणतात. मला ते हिशेबात पक्कं वाटतं. कधी दहा मिनिटांत सुटका, कधी चाळीस मिनिटांत, कधी नाहीच. असा बेभरवशाचा नियम असला की मूल जास्तच चिवटपणे रडतं. ‘नाही’ला तर ते लवकर सरावतं. ‘बघू’शी मात्र ते झुंजत राहतं.

पण प्रत्येक रडणं रागाचंच असतं असं धरून चालत नाही. म्हणून मी त्यांच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये जाऊन सीट पाहिली. मी काही त्यातली तंत्रज्ञ नाही, तरी दोन गोष्टी लगेच दिसल्या. खांद्याचे पट्टे ज्या खाचांतून येत होते त्या मुलगा वर्षाचा असतानाच्या होत्या. तेव्हापासून तो वाढला, पट्टे तिथेच राहिले. तोंड पुढे करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत. याचे खालून येऊन खांदे दाबत होते. दुसरं म्हणजे बकल. गाडी उघड्यावर उभी, दिवस मे महिन्याचे. मी बकलच्या धातूच्या जिभेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तोच तापलेला तुकडा चड्डीतल्या पोराच्या उघड्या मांडीला लागत होता. आईला एकदम आठवलं की सकाळी निघालं तर तो तितका रडत नाही. पट्टे वरच्या खाचांत घेतले, सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचं ठरलं. पट्टा किती आवळायचा यासाठी एक सोपी खूण आहे: खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत आला तर तो सैल आहे. थंडीत जाड जॅकेट आधी काढायचं, पट्टा लावल्यावर ते वरून पांघरायचं.

पुढच्या वेळी आजींना बोलावलं. घरच्यांना वाटलं, मी त्यांना चार गोष्टी सुनावणार. त्यांनीच सुरुवात केली: “आम्ही नाही का पोरं वाढवली? ह्याच्या बापाला मांडीवर घेऊन जीपमधून अख्खा घाट उतरलेय. कधी काही झालं नाही.” मी म्हटलं, तुम्ही त्याला घट्ट धरलं होतं म्हणून तुम्हाला धीर होता, हे खरंय. मग विचारलं, शेतात पोती उचललीत का कधी? त्या हसल्या. पन्नास किलोचं पोतं दोघींनी मिळून सरकवल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हा मी हिशेब मांडला. नातू बारा किलोचा. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पुढे झेपावणाऱ्या त्या बारा किलोंना धरून ठेवायला साधारण 170 किलोचं वजन पेलण्याइतकं बळ लागतं. म्हणजे तुमच्या तीन पोत्यांहून जास्त, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. माया कितीही असली तरी हाताला ते जमत नाही. आणि आपला पट्टा मुलावरून घेऊन दोघांना एकत्र बांधलं तर आपल्या अंगाचा सगळा भार पोराला पट्ट्यावर चिरडतो.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “आणि मी? मी तर पट्टा लावतच नाही.”

हा मुद्दा त्यांनी स्वतःहून काढला याचा मला आनंद झाला, कारण पोरगं तेही बघत होतं. मागे बसलेल्याला पट्टा लागत नाही ही आपल्याकडची जुनी समजूत. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्याच सीटवर होते, बिनपट्ट्याचे. त्यानंतर थोडे दिवस चर्चा झाली, मग सगळं पूर्वीसारखं. कायदाही आहे: 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड. पण त्यासाठी कुणी अडवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. सनरूफमधून पोरं बाहेर काढून लोणावळ्याला जाणाऱ्यांना तर लोक कौतुकाने हात हलवतात!

बाबांचं वेगळंच होतं. “शहरात कुठे वेग असतो? हायवेला लावू की.” वर सोसायटीच्या आवारात मुलाला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. याबाबत मी जरा कडक बोलले. एअरबॅग मोठ्या माणसाच्या अंगमापाने बनलेली असते आणि ती डोळ्यांना दिसायच्या आत उघडते. मध्ये मूल असेल तर तीच घात करते. वाशीमध्ये डिसेंबर 2024 मध्ये पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या आघाताने गेला, ती बातमी त्यांनी वाचलेली होती. स्टिअरिंगचा खेळ त्या दिवसापासून बंद. वेगाचं म्हणाल, तर ‘इथे लावायचा, तिथे नाही’ हे अडीच वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला एवढंच कळू शकतं की गाडी म्हणजे सीट.

मग आम्ही ठरवलं ते असं. सीट काही दिवस घरात, हॉलमध्ये. तीत बसून खाऊ खायचा, अस्वलाला पट्टा लावायचा. नंतर उभ्या गाडीत, नंतर भाजी आणायला जाण्याइतक्या अंतरावर. लगेच हायवेला जायचं नाही, कारण तिथे मनात येईल तेव्हा गाडी थांबवता येत नाही. हात आधी कुठला घालायचा हे त्याने ठरवायचं. पट्टा लावायचा की नाही, हे नाही. त्याने पट्टा सोडलाच तर बाजूला थांबायचं, लावायचा, पुढे निघायचं. भाषण नाही, आमिष नाही, मोबाइल तर नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीतल्या तिन्ही मोठ्यांचं तोंड एकाच दिशेला. रडायला लागला की आजींनी म्हणायचं, “राग आलाय ना माझ्या राजाला? हो, पण पट्टा राहणार.” हे वाक्य आजींच्या तोंडून येणं आईच्या शंभर वाक्यांपेक्षा मोलाचं होतं.

त्याला कामही दिलं: निघण्यापूर्वी सगळ्यांचे पट्टे तपासायचे. “आजी, पत्ता?” असं तो दरडावून विचारतो, आणि आजी पदर सावरून क्लिक करून दाखवतात. दिवाळीत चुलतभाऊ गाडीत होता, सात वर्षांचा. मोठ्यांचा पट्टा मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घ्यायचा. त्यालाही बूस्टर आणली, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक. उंची साधारण 145 सेंटीमीटर होईपर्यंत ती लागते. पट्टा खांद्याच्या मधून आणि मांड्यांवरून जायला हवा, पोटावरून नाही.

मुलगा अजूनही रडतो अधूनमधून, विशेषतः परतीच्या वाटेवर, दमलेला असला की. टोलनाक्यावर मात्र आता नुसता टोल भरतात.

मध्यंतरी आईचा फोन आला. दुसरं बाळ येणार आहे. दवाखान्यातून घरी आणताना आजी म्हणतात त्याप्रमाणे बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर आणलं तर तेवढं चालेल का? नाही, पहिल्या दिवसापासून सीट. मागच्या बाजूला, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. आदळल्यावर पाठ-मान-डोकं एकत्र सावरलं जातं ते अशाच बसण्यात. किमान सव्वा वर्ष तरी, आणि सीटच्या मापात बसतंय तोवर त्यापुढेही तसंच. मामेबहीण तिची जुनी सीट देतेय, ती घेऊ का? तिच्या गाडीला कधी अपघात झालाय का ते आधी विचार, म्हटलं. झाला असेल तर नको. नसेल तर सीटखालची मुदत बघ आणि माहितीपुस्तिका मागून घे.