आजच्या काळात पुरुष असल्याचा आयता फायदा खरंच मिळतो का?

मिळतो. मी पुरुष आहे, मलाही मिळालाय, न मागता.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, ताई आणि माझं नाव लागलं. वर्षाच्या आत ताई माहेरी आली, दुय्यम निबंधकाकडे जाऊन फोटो काढला, अंगठा दिला आणि हक्कसोडपत्रावर सही करून संध्याकाळच्या एसटीने परत गेली. मोबदला काही नाही. आईने साडी नेसवली तेवढीच. जबरदस्ती कुणीच केली नाही, आणि मुद्दा तोच आहे. 'तू सोडतोस का?' असं मला कुणी गमतीतही विचारलं नाही.

हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क देशभर २००५ पासून आहे. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच दिला होता, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. पण 'बहिणीने हिस्सा मागितला' हे वाक्य गावात आजही शिवीसारखंच उच्चारतात.

घरकामाचं तर बोलायलाच नको. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी रोज २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. तीही घरकाम करणाऱ्याच पुरुषांची!

पुरुषांना त्रास नसतो असं मी म्हणत नाही. कर्ज, हप्ते, 'कमावतोस किती' हे आहेच. शेती करणाऱ्या पोरांची लग्नंही अडलीत. पण ताईच्या नवऱ्यालाही हप्ते आहेत, आणि त्याच्याही बहिणीने सही केलीय.