गावाबाहेरच्या लहान दफनभूमीचा इतिहास कसा शोधावा?

वर्धा जिल्ह्यातील आपल्या गावाबाहेर समाजाची लहानशी दफनभूमी आहे, ती किती जुनी हे कोणालाच नेमके सांगता येत नाही आणि सातबाऱ्यावर जागा सरकारी दिसते, म्हणून तिचा इतिहास कसा शोधावा, असे आपण विचारले आहे. याच जिल्ह्यातील एका दफनभूमीची माहिती जुळवण्याच्या कामात मी होतो, त्या अनुभवावरून लिहितो. सातबारा पाहून ती जागा अलीकडची आहे, असे कृपया मानू नका. आपल्या भागात वहिवाट आधीची आणि कागद नंतरचा, असे अनेक गावांत झाले आहे.

याचे कारण मालगुजारीत आहे, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारला भरणाऱ्या गावमालकाच्या, मालगुजाराच्या, पद्धतीत. इंग्रजी अमलात नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत गावची पडीक जमीन मालगुजाराकडे असे आणि चराई, सरपण, पाणवठा, मसणवट यांसंबंधीची गावची वहिवाट वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या दप्तरात लिहिली जाई. 1951 मध्ये मालगुजारी संपली, पडीक जमिनी शासनाकडे आल्या आणि त्यांत कित्येक पुरणजागाही गेल्या. म्हणून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून जुन्या बंदोबस्ताची, म्हणजे सारा ठरवण्याच्या कामाची, मिसल (कागदांची फाइल), वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) यांच्या नकला प्रथम मागाव्यात. वऱ्हाडातील गावांत रयतवारी पद्धत होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, त्यामुळे तिकडे कागद वेगळे असतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते कोतवाल बुक. गावात झालेल्या मृत्यूची नोंद कोतवालाच्या, म्हणजे गावच्या सरकारी सेवकाच्या, माहितीवरून त्यात होत असे, आणि नाव, जात, तारीख यांसह ती आजही अनेक तहसील कार्यालयांत जपलेली आढळते. पुरले कोठे हे त्यात सहसा नसते. परंतु 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीतील पाने समाजातील वृद्धांनी सांगितलेल्या घराण्यांशी ताडून पाहिली, तर त्या वेळी आपल्या समाजाची किती घरे गावात होती, हे बरेचसे उलगडते. जातीच्या दाखल्यासाठी लोक ही बुके चाळतात, दफनभूमीसाठी फारसे कोणी चाळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. वृद्धांकडून कोणत्या घराण्याचे माणूस कोठे पुरले आहे, हे जागेवर नेऊनच विचारावे. नाव कोरलेला दगड गोरगरिबांना परवडत नव्हता. लिंगायत, महानुभाव, गोसावी, गोंड अशा पुरणाऱ्या समाजांच्या बऱ्याच जागा केवळ मातीच्या उंचवट्यावरून आणि झाडावरून ओळखल्या जातात.

जवळपास मोठ्या दगडांची वर्तुळे असतील, तर ती हलवू नयेत. नागपूरजवळील जुनापाणी आणि माहुरझरी येथे आहेत तशी ती लोहयुगातील दफने असू शकतात. त्यांचा संबंध आपल्या समाजाशी पुराव्याशिवाय जोडू नये.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 नुसार जिल्हाधिकारी शासकीय जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. ग्रामसभेचा ठराव, वरील नकला आणि मोजणीचा नकाशा जोडून तसा अर्ज करावा. मात्र अभिलेखात ‘झुडपी जंगल’ असा शेरा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निर्णयानुसार अशी जमीन वनजमीन ठरते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी तो शेरा अवश्य तपासावा आणि असल्यास वन विभागाकडेही विचारणा करावी.