मोजल्याखेरीज बोलू नकोस

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मसाई पठारावर दुर्बीण लावून तू मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) पाहिलास, त्याचे दोन तारे वेगळे दिसायला हवे होते, पण दिसला तो 'एकच उकळता गोळा'; म्हणून ही सहा इंची दुर्बीण विकून मोठी घ्यावी का, असे तू विचारतेस. शिवाय ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या युरोपच्या 'गाया' उपग्रहाने सगळे आकाश मोजून ठेवलेले असताना बी.एस्सी.च्या मुलीने जोडताऱ्यांच्या मागे लागावे तरी कशाला, असेही विचारतेस. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे संगणकाकडे वळावे का, हा खरा प्रश्न या दोहोंच्या आड दडलेला आहे, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. त्याचा निर्णय तू आणि तुझे आईवडील करा. पहिल्या दोन प्रश्नांनी मात्र मला राग आला, कारण ते न मोजता विचारलेले आहेत.

आधी दुर्बिणीचे पाहू. सहा इंची आरसा, कोलिमेशन (आरशांची एका रेषेत जुळणी) नीट असेल तर, एका विकलेहून, म्हणजे अंशाच्या 3600 व्या भागाहून, कमी अंतरावरचे तारेही वेगळे दाखवतो. मित्राच्या जोडीतले अंतर सध्या त्याच्या कित्येक पट आहे. नेमके किती, ते मी मुद्दाम लिहीत नाही. दोष आरशाचा नाही, जागेचा आहे. कोल्हापूरहून हा तारा दक्षिणेला सर्वांत उंच आला तरी क्षितिजापासून जेमतेम साडेबारा अंश वर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडाच उंच. तेवढ्या खाली त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या चौपटीहून जास्त हवा कापून येतो, आणि ती हवा लोलकासारखे वागून त्याचे रंग उभे फाकवते. एका काठाला निळी आणि दुसऱ्या काठाला तांबडी झालर दिसली होती का? तू ते लिहिलेले नाहीस. लिहिले असतेस तर लाल फिल्टर लाव, एवढ्या एका ओळीत माझे उत्तर संपले असते. पठारावरून क्षितिजालगत पाहताना दिव्यांचा उजेड आडवा येतो, हेही तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही. पुढच्या वेळी राधानगरीच्या बाजूला जा.

आता गाया. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सूचीत सुमारे 180 कोटी ज्योतींची नोंद आहे, हे खरे. पण त्या सूचीत तू मित्राची नोंद शोधलीस का? त्यातले दोन मुख्य तारे तिथे नाहीतच. ते इतके तेजस्वी आहेत की त्या यंत्राला ते पेलले नाहीत. जो तारा नुसत्या डोळ्यांना व्याध आणि अगस्त्य यांच्या खालोखाल तेजस्वी दिसतो, तो त्या महाकाय सूचीतून सुटला आहे, आणि तू म्हणतेस की सगळे मोजून झाले! मुली, ऐकीव गोष्टीवर मत बनवू नकोस. आधी मोज, मग बोल.

हा तारा जोडतारा आहे हे प्रथम कुठे दिसले, तर आपल्याच देशात. डिसेंबर 1689 मध्ये पुदुच्चेरीला रिशो नावाचा जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत होता, तेव्हा त्याला मित्राच्या जागी दोन तारे दिसले. पुढे 1832 आणि 1833 मध्ये टॉमस हेंडरसनने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून त्याची मापे घेतली. हेंडरसन आधी वकिलाच्या कचेरीत कारकून होता, हे मी इथे हट्टाने नमूद करतो. त्या मापांत ताऱ्याचे आपल्यापासूनचे अंतर दडलेले होते. पण त्याने ते लगेच जाहीर केले नाही, विषुवांशाची (आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानाची) मापे क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण स्थानाच्या) मापांशी जुळतात का हे तो तपासत बसला. दरम्यान 1838 मध्ये जर्मन खगोलज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर जाहीर करून पहिला मान मिळवला, आणि हेंडरसनचा निबंध 1839 च्या जानेवारीत आला. तेव्हापासून सगळे हेंडरसनला हळहळून उपदेश करतात. मला तो उपदेश मान्य नाही. ज्याला स्वतःच्या मापाची खात्री नाही त्याने घाई का करावी? त्याचा लंबन कोन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो तो कोन, ज्यावरून अंतर निघते) एका विकलेहून थोडा अधिक आला, आज आपण तो पाऊण विकला मानतो. म्हणजे त्याची शंका अगदीच अनाठायी नव्हती.

हे मी इतक्या तावाने का लिहितो, ते तू ओळखले असशील. माझ्या वह्यांतली या ताऱ्याची मापे मी कुठे पाठवली नाहीत, याबद्दल मला पुष्कळांनी सुनावले आहे. जन्मभर शेतांच्या हद्दी मोजण्याची नोकरी केली. मोजणीची साखळी एकदा उलट दिशेने फिरवून पडताळल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही, हे तिथे अंगात मुरले. मला खंत आहे ती निराळीच. 1980 च्या सुमारास या जोडीतले अंतर 20 विकलांच्या पुढे होते, साध्या दुर्बिणीतही सहज सुटले असते, आणि तेव्हा माझ्याकडे घेण्यापुरते पैसे नव्हते. दुर्बीण आली तोवर तारे एकमेकांकडे सरकू लागले होते. 2015-16 च्या सुमारास ते दिसायला जेमतेम 4 विकलांवर आले. तरी दर उन्हाळ्यात मी मोजत राहिलो, बरे मिळाले नाही तर 'मिळाले नाही' असे लिहिले. त्यांची एक फेरी सुमारे 80 वर्षांची. मला ती पुरी दिसणार नाही. 2035 मध्ये ते, नुसते दिसायला नव्हे तर खरोखर, आपल्या कक्षेत एकमेकांच्या सर्वांत जवळ येतील, तेव्हा तू ऐन उमेदीत असशील, आणि तू दुर्बीण विकायला निघाली आहेस.

मोजायचे कसे, ते सांगतो. पाऊस लागायच्या आत, मे अखेरीस रात्री साडेदहा-पावणेअकराला तारा मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला सर्वांत उंच, येतो. त्याच्या अर्धा तास आधी तयार राहा. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी कॅमेरा लाव, लाल फिल्टर चढव, आणि एक्स्पोजर इतके कमी ठेव की मोठा तारा पांढरा फटक पडणार नाही. मग ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर बंद कर आणि व्हिडिओ चालू ठेव. तारा ज्या दिशेने सरकेल ती पश्चिम. या क्रांतीवर तो सेकंदाला सुमारे 7.3 विकला सरकतो. किती सेकंदांत किती पिक्सेल गेला ते मोजलेस की एका पिक्सेलला किती विकला, हे तुझे तुलाच मिळेल. मोटर पुन्हा चालू करून मिनिटभर चित्रण कर, त्यातल्या स्थिर चौकटी निवड, दोघांतले अंतर आणि उत्तरेपासूनचा कोन काढ. निवडलेल्या प्रत्येक चौकटीचा आकडा वेगळा लिही. नुसती सरासरी मला नको.

या मोजण्यातून काय निघते, तेही पाहा. कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष, म्हणजे लंबगोलाच्या लांब व्यासाचा अर्धा भाग, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण 23.5 पट आहे. त्याचा घन कर, फेरीच्या 80 वर्षांच्या वर्गाने भाग. उत्तर दोनच्या आसपास येईल. दोन्ही ताऱ्यांचे मिळून वस्तुमान दोन सूर्यांएवढे आहे, हे तुला घरात बसून कळले. ज्या कोष्टकांवर तू डोळे मिटून विश्वास ठेवतेस, तीही कुणीतरी थंडीवाऱ्यात उभे राहून मोजलेल्या कोनांवर उभी आहेत.

दुर्बिणीला आत्ता गिऱ्हाईक आले असेल तर त्याला जूनपर्यंत थांबायला सांग. मला पुढच्या पत्रात 'सुंदर', 'निराशाजनक' असले शब्द नकोत. तारीख, वेळ, जागा, फिल्टर, चौकटींची संख्या, अंतर आणि कोन, एवढेच पाठव. आभाळ आले तर तेही तारखेनिशी लिही.

तुझा,
सर